दीड बोट उंच गाडी

टेंबवाडीला चढणाऱ्या पाणंदीच्या मधोमध राखणदाराचा दगड आहे. त्या दगडावर सुगंधाच्या गाडीचं सगळं तेल सांडलं, तिथूनच ही गोष्ट सांगायला हवी.

राखणदार म्हणजे वाडीची राखण करणारा. तो कुणाला दिसत नाही, पण गुरं वाट चुकली तर परत आणतो, परका माणूस शिरला तर त्याला चकवतो, असं सगळे मानतात. सुगंधाही मानते. दगड ही त्याची बसायची जागा. भातकापणी उरकली की वाडी तिथं जमते, कोंबडा आणि नारळ देते, गाऱ्हाणं घालते. याला राखण देणं म्हणतात. पाणंदीच्या दोन्ही अंगांना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, त्यामुळे गाडीला इकडे-तिकडे सरकायला जागा नाही. दगड पोटाखाली घ्यायचा, दोन्हीकडची चाकं चाकोरीतून न्यायची आणि जीव मुठीत धरून पलीकडे जायचं. राखणदारावर चाक घालायचा विचार टेंबवाडीत कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

तर त्या सकाळी खोबऱ्याची पेंड आणि सिमेंटची एक गोणी घालून गाडी वर येत होती. दगडापाशी फाटकन आवाज झाला. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर फुटलं आणि काळं तेल दगडावरून ओघळून खाली गेलं. सुगंधा गाडीतून उतरली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली.

माणसं जमायला वेळ लागला नाही. सर्वांत पुढे अर्थातच भाई.

"राखणदाराक तेल चढयतंस काय गो?" भाई म्हणाले. सगळे हसले. मग भाईंनी आवाज खाली आणला, म्हणजे आता देवाचं बोलणं येणार हे लोकांनी ओळखलं. "मी कधीपासून सांगतंय, राखणदार वाढता हा. तिळातिळान वाढता. तेका तुझी गाडी नको आसा. खाली रस्त्यार लाव, नायतर इकून टाक."

भाई म्हणजे सुगंधाचे चुलत दीर. घराण्यात वयानं मोठे, म्हणून गाऱ्हाणं त्यांच्या तोंडी. देवासमोर सगळ्यांच्या वतीनं बोलायचं काम वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे राहिलं की हळूहळू त्याला देवाच्या वतीनंही बोलायची सवय लागते. भाईंना ती केव्हाच लागली होती.

आता गाडीचं सांगतो. निळी, जुनी, इतकी छोटी की शेजारी रिक्षा उभी केली तर रिक्षाच ऐटबाज दिसावी. दत्तारामनं, म्हणजे सुगंधाच्या नवऱ्यानं, ती म्हापशाच्या एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली होती. दत्ताराम गेला तेव्हा गाडी अंगणातल्या फणसाखाली उभी होती आणि बाराव्याला आलेला प्रत्येक माणूस जाताना तिच्याकडे बघून "आता हिचा काय?" म्हणत होता. गाडीचं म्हणत होता की सुगंधाचं, ते त्यांचं त्यांना माहीत. मुलगा यज्ञेश पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "आये, गाडी इकून टाकया."

"इकूची कित्याक?" सुगंधा म्हणाली. "माका शिकूची आसा."

वय पन्नाशीच्या पुढे. कुडाळच्या मोटार स्कूलमध्ये तिच्या शेजारी कॉलेजच्या पोरी बसायच्या. गावामागच्या कातळावर, जिथं गुरांशिवाय आपटायला काहीच नाही, तिथं ती महिनाभर गोल गोल फिरली. गुरं शहाणी झाली, निळं काही दिसलं की बाजूला होऊ लागली. ओरोसला परीक्षा दिली, लायसन आलं, आणि सुगंधाचं आयुष्यच बदललं. नारळ, ओले काजूगर, कोकमं, अंगणातली भाजी गाडीत घालायची आणि देवबागला न्यायची. तिथल्या होमस्टेवाल्या बायका 'सुगंधा अक्का इली' म्हणत दारात येतात. त्यांच्या तोंडचं ते अक्का ऐकून तिला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. गेल्या दोन वर्षांत गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी चढ बंद सांगितला. आता तर गाडी हेच तिचे पाय झाले होते.

म्हणून गोष्ट साधी होती. गाडी अंगणापर्यंत आली तर सुगंधा आपल्या घरात राहणार. नाही आली तर गोण्या खाली कशा येणार आणि ती वर कशी जाणार? मग पुण्याला यज्ञेशच्या तिसऱ्या मजल्यावर, सुनेच्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखं बसायचं आणि गॅलरीतल्या कुंडीत तुळस लावायची. यज्ञेश मनापासून बोलावत होता, त्यात खोट नव्हती. भाईही मनापासूनच म्हणत होते, "घराची काळजी करू नको. बाग बघूक मी आसंय." हे वाक्य भाई इतक्या वेळा म्हणत, की सुगंधाला आपल्या बागेत उभं राहिलं तरी परक्याच्या बागेत आल्यासारखं वाटायला लागलं होतं. तिला कुठंही जायचं नव्हतं. ती नांदायला आली ती याच पाणंदीनं चालत, आणि जायची वेळ आली तर याच पाणंदीनं चौघांच्या खांद्यावरून, एवढाच तिचा हट्ट.

दगड वाढत नाही, हे तिला दिसत होतं. पावसाचं पाणी दरवर्षी बाजूची माती नेत होतं, चाकोरी खोल होत होती, आणि दगड होता तिथंच उघडा पडत होता. भाईंच्या घरी जाऊन ती म्हणाली, "भाईनू, दगडाक मी हात लावणंय नाय. दोनय बाजूंका चाकोरीत वायच माती घालतंय, आणि चिऱ्याचे तुकडे. वाट वर येयत, दगड आपोआप खाली जायत."

भाई सुपारी कातरत होते. "पाणंद सामाईक आसा. एक पाटी माती घालूची तरी सगळ्या हिस्सेदारांका इचारूक व्हया."

सगळे हिस्सेदार म्हणजे अर्धे मुंबईत, एक बडोद्याला, आणि एक असा की तो जिवंत आहे की नाही हेच कुणाला ठाऊक नाही. त्याच सामाईकात भाईंचं कोंबड्यांचं खुराडं उभं होतं, ते कुणाला विचारून बांधलं हे मात्र विचारायचं नाही. भाईंची बायको जानकी चहा घेऊन आली. सुगंधाच्या हातात कप देताना तिनं एकदा वर बघितलं आणि मान खाली घालून आत गेली. जानकी तीस वर्षं अशीच आत जात आली आहे.

चेंबर बदलायला गाडी गॅरेजात नेली, तेव्हा मिस्त्रीनं ती जॅकवर चढवली. सुगंधा बाकावर बसून बघत होती. गाडीच्या पोटाखालून पलीकडचा रस्ता दिसत होता, रस्त्यावरून जाणाऱ्या म्हशीचे पाय दिसत होते. आणि एकदम तिच्या डोक्यात लखकन आलं. वाट वर आणू देत नाहीत ना? मग गाडीच वर न्यायची.

टायरवाल्या गुरुदासचं दुकान गॅरेजच्या पलीकडेच. तरणा मुलगा, बोलण्यात गोड. सुगंधानं विचारलं, "गुरुदासा, ह्या गाडयेक मोठी चाका बसतत?"

"बसतत तर! काकी, तुमच्या गाडयेक बाराचा चाक आसा. आपण चौदाचा घालुया. दोन नंबर मोठा." आणि त्यानं भिंतीवरून एक चाक उतरवलं. चंदेरी, फुलासारख्या पाकळ्यांचं, इतकं चकचकीत की सुगंधाला त्यात आपलं तोंड दिसलं. त्याच्यावर टायर मात्र बांगडीसारखा बारीक. "आता हीच फॅशन आसा," गुरुदास म्हणाला.

दोन नंबर मोठं, म्हणजे गाडी दोन इंच वर, असा हिशेब सुगंधानं मनात केला. तुम्ही-आम्हीही तोच केला असता. शिवाय, खोटं कशाला सांगा, चाकं तिला आवडली. दत्ताराम गेल्यापासून तिनं स्वतःसाठी चकचकीत असं काही घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी पाणंदीत शिरली तेव्हा वाडीतली पोरंसोरं मागून धावत आली. भाई आपल्या गडग्यावर येऊन बसले. सुगंधानं काच खाली केली, पदर नीट केला आणि गाडी दगडावर घेतली.

खर्रर्र.

पोट पहिल्यासारखंच घासलं. तिनं घाबरून ब्रेक दाबला. चेंबर वाचलं, पण आवाज सगळ्या वाडीनं ऐकला.

"चाका चकचकीत," गडग्यावरून भाई म्हणाले, "पोट होता थंयच!"

ते हसणं सुगंधाच्या जिव्हारी लागलं. तिनं गाडी उलटी खाली घेतली, रस्त्याकडेला लावली आणि आत बसून रडली. दुःखानं नाही, संतापानं. भाईंचा राग आला, गुरुदासचा आला, आणि चकचकीत चाकाला भुललेल्या स्वतःचा सर्वांत जास्त आला. रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले, गाडीतल्या केरसुणीतला एक हीर मोडला आणि खाली उतरली. जुनी चाकं मागच्या सीटवर होती. एक काढून गाडीला टेकवून उभं केलं. जमिनीपासून चाकाच्या मधल्या भोकापर्यंत हीर धरला, नखानं खूण केली. मग तोच हीर नव्या चाकाला लावला. खूण जवळजवळ तिथंच येत होती. लोखंड वाढलं होतं आणि रबर तेवढंच आटलं होतं. वजन रबरानं दबलं ते वेगळंच.

मग ती लंगडत पाणंद चढून दगडापाशी गेली. चाकोरीपासून दगडाच्या माथ्यापर्यंत हीर धरला आणि दुसरी खूण केली. राखणदाराला हात जोडले आणि म्हणाली, "तुझा माप घेतलंय म्हणान रागाव नको."

गुरुदासच्या दुकानात त्या दिवशी गिऱ्हाइकं बरीच होती. सुगंधाला त्याचं काही वाटलं नाही.

"तू माका चाक मोठा दिलंस. गाडी मोठी करूक नाय!"

"काकी, चाक मोठाच आसा, नंबर बघा—"

"नंबर घाल चुलीत. ह्यो हीर बघ." तिनं त्याच्या डोळ्यांदेखत दोन्ही चाकं मापली.

 गुरुदास डोकं खाजवत म्हणाला, "काकी, खरा सांगू? माझ्याकडे उंचीसाठी म्हणान कोणी चाका मागूक येणा नाय. सगळे शौकासाठी येतत. माका वाटला तुमीय..."

"माझा वय शौकाचा आसा काय रे?" असं म्हणताना तिला जरा हसूही आलं. कारण शौक तिलाही झालाच होता, एका दिवसापुरता.

त्यानं चाकं परत घेतली, हे त्याचं भलेपण. मग दोघं मिळून शोधायला लागली. साधी, काळी, लोखंडी तेराची डिस्क, आणि तिच्यावर जाड रबराचा उंच टायर. सर्वांत जाड जो होता, तो गुरुदासनं पुढे लावून बघितला आणि म्हणाला, "बसलो बघा मस्त."

"थांब," सुगंधा म्हणाली. "दगड गेल्यावर लगेच उजवीकडे वळाण आसा. माका पुरा स्टेरिंग मारूचा लागता. आणि माझी गाडी कधी रिकामी नसता." तिनं गुरुदासला मागे बसवलं. पंक्चर काढायला आलेल्या दोन धट्ट्याकट्ट्या गिऱ्हाइकांनाही, "बसा रे वायच, घरात बसतात तशे," म्हणून आत कोंबलं. स्टिअरिंग पुरं फिरवल्याबरोबर टायर मडगार्डला खरडायला लागला. एखाद्या वळणावर असा टायर कापला जाईल, हे कुणी सांगायची गरज नव्हती. तो काढला. त्याच्याखालचा, थोडा कमी जाड, लावला. पुन्हा तिघांना बसवलं, पुन्हा पुरं वळण मारलं. या वेळी आवाज आला नाही. तिघं उतरल्यावर हिरानं माप घेतलं. गाडी दीड बोट वर गेली होती, आणि दगडाच्या उंचीची खूण आता तिच्या पोटाखाली बसत होती. मध्ये फट उरत होती ती नखाएवढी.

"काकी, मोठो टायर आसा," गुरुदास म्हणाला. "काटो दाखयता त्याच्यापेक्षा गाडी वायच जास्त पळतली. आणि पयल्या गियरात चढताना जड लागतली."

"माकाय चढताना जडच लागता," सुगंधा म्हणाली.

तरी तिनं गाडी लगेच वर नेली नाही. ज्याच्यावर तेल सांडलं, त्याला राखण दिल्याशिवाय त्याच्यावरून जायचं नाही, हे तिनं स्वतःच ठरवलं. राखण चार दिवसांवर आली होती. तेवढे दिवस गाडी खाली रस्त्यावर उभी राहिली आणि सुगंधा दोन पावलं चढून एकदा गडग्याला टेकत घर गाठत राहिली. भाई खाली जाऊन चाकं बघून आले. "आदली बरी दिसत होती," म्हणाले.

राखणीच्या आदल्या दिवशी सुगंधा त्यांना म्हणाली, "भाईनू, गाऱ्हाण्यात माझ्या चाकांचा नाव घेवा."

"घेतंय तर," भाई म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले, की तिनं तिथंच सावध व्हायला हवं होतं.

राखणीच्या सकाळी सगळी वाडी पाणंदीत जमली. दगड धुतला होता, माथ्यावर एक जास्वंदीचं फूल ठेवलं होतं. जानकी नारळाचं ताट घेऊन बायकांच्या पुढे उभी होती. भाईंनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाण्याची रीत अशी, की एक जण देवापाशी मागणं बोलतो आणि प्रत्येक मागण्यापुढे सगळे मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तो होकार पडला की मागणं सगळ्यांचं होतं.

"हे बा राखणदारा, आज जी काय टेंबवाडीची लेकरा तुझ्या पायाकडे जमली, तेंका सांबाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गुराढोरांक, पोराबाळांक, मुंबयक पोटासाठी गेलेल्यांक सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या वाटेर जी काय चाकांची अडचण झाली, तुझ्यार जा काय तेल सांडला, तेची माफी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सुगंधा मोठ्यानं म्हणाली. डोळे मिटलेले, हात जोडलेले.

"आणि जी घोवाच्या माघारी एकटी ऱ्हवता, तिका बुद्धी दी. गाडी इकान, घर-बाग घरच्यांच्या हवाली करून, झिलाकडे पुण्याक सुखान ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. सुगंधाही म्हणाली. लहानपणापासून तोंडाला लागलेली लय, तोंड आपसूक उघडतं. शब्द बाहेर पडून गेला तेव्हा कुठं अर्थ कानात शिरला. तिनं डोळे उघडले.

भाई वळले. "झाला. शब्द इलो," ते शांतपणे म्हणाले. "राखणदारासमोर तू सोता व्हय म्हटलंस. सगळ्यांनी आयकल्यानी."

 भाईंनी फसवलं होतं, हे सुगंधाला कळत होतं. पण भाईंशी भांडून काय होणार? शब्द भाईंना दिला नव्हता. ज्याला दिला त्याच्याकडूनच तो परत घ्यायला हवा होता. ती सरळ पुढे गेली, जानकीच्या ताटातला एक नारळ उचलला आणि दगडासमोर उभी राहिली.

"गो, गो!" मागून कुणीतरी म्हणालं. "बायलमाणूस गाऱ्हाणा घालणा नाय!"

"बायलमाणसाच्या नावान घातलेला चालता?" सुगंधानं मागे न बघता विचारलं. मग ती दगडाशी बोलायला लागली. 

"बा राखणदारा, माका तुझी रीत येणा नाय. मी आपली सरळ बोलतंय. आता मी व्हय म्हटलंय, ता सवयीन म्हटलंय. ता परत घेतंय. तुझ्यार तेल सांडला, ती माझी चूक. तुझ्यार चाक मी कधी घालूक नाय, घालूचंय नाय. वाटेत माती घालूक माका दिल्यानी नाय, म्हणान गाडी उंच केलंय. ह्या घरात मी चलत इलंय, आणि हयसून माका न्हेतले ते मी मेल्यार न्हेतले. त्याच्या आदी कोणाच्या सांगण्यान मी जावचंय नाय. आता तुझ्या डोळ्यांदेखत गाडी तुझ्यावरून न्हेतंय. पोट तुका लागला तर आजच्या आज गाडी इकतंय आणि पुण्याक जातंय. लागला नाय, तर परत ह्या वाडीत कोणी माका खंय ऱ्हवाचा ता सांगूचा नाय. म्हाराजा!"

तिनं नारळ दगडाखाली आपटला. तो एका दणक्यात फुटला.

 मागणं बोलून झालं होतं, पण होकार पडत नव्हता. आपल्या गाऱ्हाण्याला आपणच 'व्हय' म्हणता येत नाही. म्हणायचं ते दुसऱ्यानं. माणसं एकमेकांकडे बघत होती आणि सगळी मिळून भाईंकडे बघत होती. भाईंच्या तोंडावर हलकं हसू आलं.

"व्हय म्हाराजा."

आवाज इतका बारीक होता की कुणाचा ते आधी कळलं नाही. भाई गर्रकन वळले. ताट हातात धरून जानकी उभी होती. नवऱ्याकडे न बघता, दगडाकडे बघत, ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी गडग्यापलीकडे ऐकू जाईल असं म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

आणि मग म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, बायकांनी, मागच्या पोरांनी, सगळ्यांनी एकदम 'व्हय म्हाराजा' म्हटलं. सवयीनं म्हटलं की मनानं, कोण जाणे. पण म्हटलं. भाईंना मात्र व्हय म्हणायची सवयच नव्हती. 

सुगंधा पाणंद उतरून गाडीत बसली. किल्ली फिरवली. तेवढ्यात दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि जानकी आत येऊन बसली. नारळाचं ताट ती भाईंच्या हातात देऊन आली होती.

"वयनी, उतरा तुमी," सुगंधा घाबरून म्हणाली. "नखाएवढी फट आसा. दोघांच्या वजनान गाडी दबतली."

"मी व्हय म्हटलंय," जानकी म्हणाली. "आता उतारणंय नाय."

सुगंधानं तिच्याकडे बघितलं. मग तिला वाटलं, खरंच आहे. जी गाडी आणखी एका माणसालाही वर नेऊ शकत नाही, ती ठेवून करायचं काय? तिनं पहिला गिअर टाकला. गाडी जड लागली, गुरुदास म्हणाला होता तशीच. चाकं चाकोरीत बसली. दगड पुढच्या काचेतून दिसेनासा झाला, म्हणजे तो आता पोटाखाली होता.  सुगंधाचे कान सगळे खाली लागले होते, त्या एका खर्रर्र आवाजाकडे.

आवाज आला नाही. पुढचं पोट गेलं, मग मागचं गेलं. आरशात तिला भाई दिसले. हातात ताट तसंच धरून ते दगडापाशी वाकून बघत होते. जास्वंदीचं फूल जरा चेपलं होतं, पण माथ्यावरून हललं नव्हतं. भाईंनी ते उचलून खालून-वरून बघितलं आणि परत ठेवलं. कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले, आणि या वेळी ते हसणं सुगंधावर नव्हतं.

उजवं वळण आलं. तिनं पुरं स्टिअरिंग मारलं. टायर कुठं खरडला नाही. वर फणस दिसायला लागला, फणसाखालची गाडीची रिकामी जागा दिसायला लागली, आणि सुगंधाचे डोळे भरून आले. ते तिनं पुसलेही नाहीत, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

 जानकी समोर बघतच म्हणाली, "सुगंधा, तीस वर्सा मी त्या दगडासमोर व्हय म्हणत इलंय. आज पयल्यांदा कशाक व्हय म्हणतंय ता आयकलंय."

सुगंधानं गाडी फणसाखाली लावली, उतरून जानकीच्या बाजूचं दार उघडलं, आणि दोघी चहा टाकायला घरात गेल्या.